दगडोबाच्या कुरणातला विमानतळ

फार जुनी नव्हे, बऱ्यापैकी अलीकडची गोष्ट. एका जंगलात लोकशाही होती. मतपेटी सिंहमहाराजांच्या गुहेत ठेवलेली असे आणि मत टाकायला आत जावं लागे. विरोधात मत टाकून बाहेर आलेला प्राणी अजून कुणाला भेटलेला नाही. त्यामुळे महाराज नेहमी एकमताने निवडून येत.

त्या जंगलात दगडोबा नावाचा म्हातारा रेडा राहायचा. नदीकाठचं कुरण त्याच्या पणजोबांपासूनचं. दात निम्मेच उरलेले, आणि त्या दातांना चालेल इतकं कोवळं गवत दुसरीकडे कुठंच नव्हतं. कुरण गेलं की दगडोबाही गेलाच.

एके दिवशी महाराज सभेत गरजले, "आपल्या जंगलाला विमानतळ हवा!"

"आणि विमानं?" कासवानं विचारलं.

"ती दुसऱ्या टप्प्यात. तोवर पक्षी उतरतील. हल्ली वाटेल तिथं उतरतात, ही काय शिस्त झाली?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कासव त्यानंतर कुणाला दिसलं नाही.

जागा ठरली ती दगडोबाचं कुरण. तलाठी मुंगूसराव पाहणीला आले.

"आजोबा, ऊन फार आहे हो. बसू का जरा सावलीला?"

"हरकत नाही."

मुंगूसरावांनी वहीत लिहिलं : हरकत नाही.

"नदीवर घोटभर पाणी पिऊ का?"

"हरकत नाही रे बाबा!"

मुंगूसरावांनी लिहिलं : पुन्हा विचारले असता, आग्रहपूर्वक हरकत नाही.

आठवड्याभरात बाभळीवर नोटीस लागली. मालकाच्या आनंदी संमतीने कुरण ताब्यात घेण्यात येत आहे. दगडोबा धापा टाकत कचेरीत गेला. भूसंपादनाचे साहेब म्हणजे तरस.

"साहेब, माझी हरकत आहे."

"तुम्ही तर दोनदा नाही म्हणालात."

"अहो, ते बसायला म्हणालो होतो!"

"मग पक्षीही बसायलाच येणार आहेत, आजोबा."

"आणि मी कुठं जाऊ?"

"तुमचं पुनर्वसन केलंय की. त्या समोरच्या खडकावर. एकदम हवेशीर!"

"तिथं गवत आहे का?"

"दिसतं ना तिथून."

दगडोबा परत आला आणि कुरणाच्या मधोमध बसला. उठवायला दोन हत्ती लावले. एकाची कंबर धरली. दुसरा म्हणाला, वरून लेखी आदेश आणा, आणि ऊस खायला निघून गेला. तोवर उद्घाटनाचा दिवस उजाडला. मुहूर्त महाराजांनी स्वतः काढलेला, तो हलणं शक्य नव्हतं. म्हणून दगडोबाला सोडून आजूबाजूचं थोडं गवत खरवडलं, त्याला धावपट्टी म्हटलं आणि मांडव घातला.

"आज चिमणी उतरेल, उद्या गरुड उतरेल, परवा चंद्र उतरेल!" महाराज म्हणाले.

पक्ष्यांना हाकलत आणलं गेलं. खरवडलेल्या जमिनीवर औषधाला किडा नव्हता. दगडोबाच्या पाठीवर मात्र गोचिडांची पंगत बसली होती. सतरा पक्षी थेट तिथं उतरले.

महाराजांनी आयाळ फुगवली. तरससाहेबांनी वेळ ओळखली.

"महाराज, हीच आपली नवी धावपट्टी! उंचावरची!"

महाराजांनी फीत कापली. दगडोबाच्या गळ्यात 'विमानतळ' अशी पाटी अडकवली. योजना मुदतीआधी पूर्ण झाली, आता जमीन कशाला, असा शेरा मारून कुरणाची फाईल त्याच मांडवात बंद झाली.

"आजोबा, आता हलायचं नाही हं," तरससाहेब कानाशी लागले. "तुम्ही सार्वजनिक मालमत्ता आहात."

"असेन," दगडोबा म्हणाला. "पण मालमत्तेला भूक लागलीय."

तो उठला आणि पाटीसकट, पक्ष्यांसकट, गवत खात खात नदीकडे निघाला. मागून तरससाहेब, "अहो थांबा, अहो महाराज बघतायत!"

फांदीवरच्या सरकारी पोपटानं ताबडतोब बातमी दिली, "विमानतळ चालू झाला हो! चालू झाला!"

त्या जंगलात सरकारी घोषणा शब्दशः खरी ठरल्याची तेवढी एकच नोंद आहे.