तांगपिंगच्या दगडावरचे मुळे

वर चढताना वाटेच्या तोंडाशी तुम्ही एक बसकट दगड पाहिला असेल, आणि त्याच्यावर ठेवलेले पांढरे मुळे. पाहुणे हसतात. ज्या डोंगरातली जिनसेंगची ताकद देणारी मुळी एके काळी राजाच्या औषधात जायची, तिथले लोक दगडाला मुळा वाहतात? पण तो देव नाही, मंडळी. ती एका माणसाची बसायची जागा आहे. लू हान त्याचं नाव. तो तिथे एकतीस वर्षं बसला, असं आमच्या तांगपिंगात सांगतात.

हान जिनसेंग खणणारा होता. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा थोरल्या भावानं, देमिंगनं, त्याला वाढवलं. एका वसंतात ओढ्यावरचा लाकडी पूल वाहून गेला आणि गावानं पाळी लावून तो बांधायला घेतला. बर्फ वितळून आलेलं पाणी, कमरेइतकं. हानची पाळी आली त्या सकाळी तो म्हणाला, "दादा, माझा पाय मुरगळलाय." पायाला काही झालेलं नव्हतं. देमिंग त्याच्या जागी गेला, दिवसभर पाण्यात उभा राहिला, आणि तिसऱ्या दिवशी तापानं अंथरुणाला खिळला.

गावात मेंग नावाची वैद्य होती. साठीची बाई, फार बोलायची नाही. मनगटावर तीन बोटं ठेवून ती नाडी बघायची. देमिंगची जीभ कोरडी, पिवळी पडली होती, चेहरा लाल, नाडी उसळत होती. मेंगबाईंनी थंड गुणाचा काढा सुरू केला.

हानच्या जिवाला चैन नव्हतं. तो डोंगरात गेला आणि नवव्या दिवशी त्याला पाच बोटांच्या पानांचं, लाल फळांचं जिनसेंगचं एक जुनं रोप दिसलं. रीतीप्रमाणे त्यानं देठाला लाल दोरा बांधला, हरणाच्या हाडाच्या सुईनं एकेक तंतू सोडवत मुळी काढली. हात, पाय, मान, सगळं माणसासारखं. साठ वर्षांची तरी असावी, म्हणे.

मेंगबाईंनी ती हातात घेतली आणि परत दिली. "आत्ता नाही."

"काकू, मरणाऱ्याला उठवते ही!"

"ज्याचा दम संपलाय त्याला उठवते. बाळंतपणात रक्त गेलेली बाई असेल, लांबच्या आजारानं खंगलेला म्हातारा असेल, त्याच्या जिभेखाली मी स्वतः हिची चकती ठेवते. तुझ्या भावाच्या अंगात आग आहे. ही मुळी उष्ण आहे. आधी ताप उतरू दे, मग मीच देईन, नखाएवढी." एवढं बोलून त्या थंड काढ्यासाठी दलदलीतल्या बोरूची मुळं आणायला गेल्या.

हाननं मुळी अर्धी कापली आणि झाकणाच्या मडक्यात उकळत ठेवली. मेंगबाईंचं त्यानं ऐकलं नव्हतं असं नाही. पण भाऊ आपल्यामुळे पडलाय, तर उठायलाही आपल्यामुळेच हवा, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

काढा पिऊन देमिंग उठून बसला. डोळे चमकत होते. तो हसला, भूक लागली म्हणाला, पुलाचं काय झालं ते विचारलं. हान आनंदानं रडला. दुपारी देमिंगच्या नाकातून रक्त आलं. मग तो बरळू लागला, आणि दिवस मावळायच्या आत गेला.

मेंगबाई परतल्या तेव्हा हाननं मडकं धुऊन पालथं घातलं होतं. त्यांनी घरात दीर्घ श्वास घेतला. "मुळी दिलीस का?"

"नाही," हान म्हणाला.

गाव म्हणालं, म्हातारीनं एवढ्या मोठ्या मुळीला नको म्हटलं आणि माणूस मारला. औषधांचे खण रिकामे करून मेंगबाई ओढ्यापलीकडच्या झोपडीत राहायला गेल्या आणि पुन्हा कोणाची नाडी धरली नाही. हान त्यांच्या दाराशी दर आठवड्याला लाकडं टाकून यायचा. त्या बाहेर यायच्या आतच निघून यायचा.

दोन वर्षं अशी गेली. मग कुंभाराची मुलगी युन तापानं पडली. गावात वैद्य उरला नव्हता. कुंभार हानकडे आला आणि उरलेली अर्धी मुळी मागू लागला. हान नाही म्हणाला. कुंभार म्हणाला, "तुझ्या भावाला म्हातारीनं मुळीवाचून मारलं. आता तू माझ्या पोरीला तसंच मारणार?"

त्या क्षणी हान एका वाक्यात खरं सांगू शकला असता. त्यानं मुळी काढून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंभारीण हसत त्याच्या दारात आली. "युन उठून बसली! भूक लागली म्हणते, डोळे कसे चमकतायत!"

हान पळत सुटला. ओढा त्यानं पुलावरून नाही, पाण्यातूनच ओलांडला, म्हणे. मेंगबाई दारात बसल्या होत्या. "काकू, मी दिली होती. दादाला मीच दिली होती. आणि आता युनला..."

त्या उठल्या. वाटेत त्यांनी एवढंच सांगितलं, "मुळे उपट. मिळतील तेवढे."

कुंभाराच्या परसातले मुळे वाटून, पिळून त्यांनी युनला रस पाजला, वर मुळ्याचं बी कुटून दिलं. जिनसेंगचा जोर मुळा मोडतो असं आमच्याकडे मानतात. मग थंड काढे सुरू झाले. तीन दिवस त्या तिच्या उशाशी होत्या. चौथ्या दिवशी ताप उतरला.

तेव्हा अंगणात, सगळ्या गावासमोर, हान त्यांच्या पायांवर पडला. मेंगबाई म्हणाल्या, "त्या दिवशी मला घरात मुळीचा वास आला होता. तू नाही म्हणालास. मला वाटलं, आता माझं नाकच गेलं. नाक गेलं तर बोटंही गेली असतील. म्हणून मी कोणाची नाडी धरली नाही. या दोन वर्षांत गावात सहा माणसं गेली, हान. त्यातली किती मी वाचवली असती, ते ना तुला कळणार, ना मला."

हान म्हणाला, "मला शिक्षा करा."

"शिक्षेनं तुला बरं वाटेल," त्या म्हणाल्या. "वाटेच्या तोंडाशी बस. मुळे लाव. वर जाणाऱ्या प्रत्येकाला एक दे, आणि तू काय केलंस ते सांग."

माफ केलं, असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. त्यांनी औषधांचे खण मात्र पुन्हा भरले. हान शेवटपर्यंत त्या दगडावर बसून सांगत राहिला. तो गेला त्या वर्षी खणणाऱ्यांना प्रश्न पडला, आता सांगणार कोण? म्हणतात की पहिली युनच उठली आणि दगडापाशी जाऊन तिनं ते हानच्या नावानं नाही, 'मी केलं' असं स्वतःच्या नावानं सांगितलं.

आजही आमच्यातला कोणी जिनसेंग खणायला निघाला की दगडावर मुळा ठेवतो आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणतो, "नको म्हटलेलं मी दिलं, आणि विचारल्यावर खरं सांगितलं नाही." मी हे पहिल्यांदा म्हणालो तेव्हा सतरा वर्षांचा होतो, पाठ केलेलं म्हणून टाकलं. आता सत्तर उलटली. आता ते म्हणताना, मी ज्याला खरं सांगितलं नाही असं दरवेळी आणखी कोणीतरी आठवतं, आणि वर जायला थोडा उशीर होतो.