गोठू नये म्हणून

‘आणि गाडीच्या आतलं पाणी?’ मेमेंनी विचारलं. ‘ते थंडीत काय करेल?’

‘काही करणार नाही. उणे तीस झालं तरी गोठायचं नाही,’ त्र्यंबक उपासनी म्हणाले. ‘मी बंदोबस्त केलाय.’

‘म्हणजे नळ फिरवला तर...’

‘धार लागेल, मेमे.’ उपासनी हसले. ‘बाहेर सगळं दगड झालेलं असेल, आणि माझ्या नळाला धार लागेल.’

मेमेंनी मान हलवली.

मेमे म्हणजे आजोबा. स्पीतीच्या त्या उंच गोम्पातल्या, म्हणजे बौद्ध मठातल्या, म्हाताऱ्या लामांना सगळेच मेमे म्हणत. वय चौऱ्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोरचा माणूस ते पावलांवरून ओळखायचे. हिंदी मोजक्या शब्दांचं, तेही थांबत थांबत. उपासनींना ते नावाने हाक मारत नसत. ‘इंजिनीअर’ म्हणत.

उपासनी नाशिकचे. चौतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात काढलेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली आणि दीड वर्ष खपून तिचं घर केलं. आत पलंग, शेगडी, बेसिन. पलंगाखाली ऐंशी लिटरची टाकी, छोटा पंप, गीझर. गाडी बघायला कोणी आलं की ते आधी पलंग उचलून नळजोडणी दाखवायचे, मग बाकीचं.

ती गाडी घेऊन स्पीतीत यायचं हे त्यांचं तिसरं वर्ष. पहिल्याच वर्षी त्यांनी मेमेंना सांगितलं होतं की मला शिष्य करून घ्या. मेमे हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्या वर्षी त्यांना वाटाण्याच्या शेतातलं तण काढायला लावलं. दुसऱ्या वर्षी धुराड्यातली काजळी. यंदा तर काहीच सांगितलं नव्हतं.

उपासनी मनातून दुखावले होते. आपल्याकडे कोण आलंय हे म्हाताऱ्याला उमगलेलंच नाही, असं त्यांना वाटे. मग ते स्वतःच कामं शोधत. प्रार्थनाचक्राचं बेअरिंग त्यांनी बदललं, स्वयंपाकघराच्या दाराला नवी बिजागरी बसवली. गोम्पाचा स्वयंपाक करणारा छेरिंग नावाचा लामा होता, त्याला लाकडं कशी फोडावीत हेही तीनदा समजावून सांगितलं. छेरिंग ऐकून घ्यायचा आणि आपल्या पद्धतीने फोडायचा.

ऑक्टोबर अर्धा सरला. खिंड केव्हाही बंद होईल असं सगळे म्हणू लागले. गाडी इथेच अंगणात ठेवून आपण जीपने खाली जायचं, जूनमध्ये परत यायचं, असं उपासनींनी ठरवलं. जीप सतरा तारखेला सकाळी अकराला निघणार होती.

जाण्याआधी त्यांनी गाडीची किल्ली मेमेंच्या हातात ठेवली. हिवाळ्यात कोणी पाहुणा आला, कोणी आजारी पडलं, तर गाडी तुमचीच समजा, असं ते म्हणाले. हे बोलताना त्यांना फार बरं वाटलं.

पाण्याचा बंदोबस्त मात्र त्यांनी निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी घाईत उरकला होता.

योग्य रीत त्यांना पाठ होती. टाकी रिकामी करायची. गीझरचं तळाचं बूच काढायचं. पंप सोडवून झटकायचा. सगळे नळ उघडे टाकून नळ्यांमधून हवा मारायची, म्हणजे वळणावळणात साठलेलं पाणी निघून जातं. थेंबभर राहिलं तरी ते गोठतं, फुगतं आणि नळी फोडतं. या कामाला अख्खा दिवस लागतो, आणि हात बधिर होतात.

उपासनींकडे अख्खा दिवस नव्हता. खालच्या बाजारातून आणलेले रेडिएटरच्या कूलंटचे दोन कॅन मात्र होते.

त्यांनी टाकी रिकामी केली. पंपाची नळी कॅनमध्ये बुडवली, पंप चालू केला आणि नळातून हिरवं येईपर्यंत चालू ठेवला. कूलंट गोठत नाही. नळ्या सुरक्षित, पंप सुरक्षित, गीझर सुरक्षित. काम पंचवीस मिनिटांत झालं.

ते विष आहे हे त्यांना माहीत होतं. जूनमध्ये आल्यावर चार वेळा धुऊन काढू, असा त्यांनी विचार केला. हिवाळ्यात नळाला हात कोण लावतंय?

...

सतरा तारखेला सकाळी थंडी एकाएकी वाढली. गोम्पाच्या स्वयंपाकघरात झऱ्याचं पाणी आणणारी नळी रात्रीत गोठून गेली होती. छेरिंग उकळतं पाणी ओतून ती सोडवायला खाली उतरला होता.

उपासनी गाडीच्या मागच्या बाजूला ताडपत्रीच्या दोऱ्या आवळत होते. पुढचं दार उघडल्याचा आवाज त्यांनी ऐकला. मेमे गाडी बघायला आले असतील, असं त्यांना वाटलं. त्यांनी गाठ पुरी केली. दुसरी गाठ मारली.

मग आतला पंप घरघरला.

तो आवाज उपासनींनी झोपेतही ओळखला असता. नळ उघडला की पंप आपोआप चालू होतो, ही सोय त्यांनीच केली होती. पण क्षणभर त्या आवाजाचा अर्थच त्यांच्या डोक्यात शिरला नाही. पंप चांगला चालतोय, एवढंच मनात आलं.

आणि मग अर्थ शिरला.

ते गाडीला वळसा घालून धावले. समुद्रसपाटीपासून तेरा हजार फुटांवर कोणी धावत नाही, ते धावले. दारात पोचले तेव्हा मेमे पायरीवर बसलेले होते. हातात त्यांची रोजची लाकडी वाटी, आतून चहाने काळी पडलेली. वाटी ओठांपर्यंत गेली होती.

उपासनींनी हात उगारला आणि वाटीवर मारला.

वाटी उडाली, दगडावर आपटून लांब गेली. फटका मेमेंच्या मनगटावरही बसला होता. मेमे मागे कलंडले आणि दाराच्या चौकटीला धरून सावरले.

उपासनी गुडघ्यावर आले. त्यांनी आपल्या स्वेटरच्या बाहीने मेमेंचे ओठ पुसले, पुन्हा पुसले, जोर लावून पुसले.

‘गिळलंत का? मेमे, गिळलंत का?’

मेमेंनी तोंड उघडून दाखवलं, लहान मूल दाखवतं तसं. मग मान हलवली. नाही.

तोवर छेरिंग अंगणात आला होता. त्याने एवढंच पाहिलं होतं की या माणसाने मेमेंवर हात उचलला. त्याने उपासनींना मागून कॉलरला धरून उभं केलं. उपासनींनी अंग सोडून दिलं. त्यांनी दगडांकडे बोट दाखवलं.

सांडलेलं हिरवं होतं. सकाळच्या उन्हात ते पोपटी चमकत होतं.

‘जहर,’ उपासनी शेवटी म्हणाले. ‘मी भरलंय.’

छेरिंगने कॉलर सोडली. तो एक पाऊल मागे सरला आणि त्यांच्याकडे बघत राहिला. त्या नजरेत राग नव्हता. हा कोण माणूस आहे, असं काहीतरी होतं.

...

उपासनींना कारखान्याच्या आवारातलं एक कुत्रं आठवलं. बॉयलर विभागामागे सांडलेलं कूलंट त्याने चाटलं होतं. ते गोड लागतं, म्हणून जनावरं चाटत राहतात. कुत्रं मरायला तीन दिवस लागले होते. त्यानंतर उपासनींनीच सगळ्या कामगारांना उभं करून तासभर भाषण दिलं होतं.

गाडी तुमचीच समजा. नळाला धार लागेल. ही दोन्ही वाक्यं त्यांचीच. एका तोंडाने ती बोलली गेली होती, आणि ती एकमेकांशेजारी ठेवून पाहायचं त्यांना सुचलंही नव्हतं. आजारी माणूस आला असता. त्याला कोणीतरी गाडीत झोपवलं असतं. त्याला पाणी हवं झालं असतं...

उपासनी तिथेच मातीत बसले.

मेमे उठले. चाचपडत जाऊन त्यांनी वाटी उचलली, मूठभर वाळूने घासली, चीवराला पुसली आणि चौथऱ्यावर उन्हात पालथी घातली. मनगटावर वळ उमटला होता. मग ते आत गेले.

अकरा वाजता जीपवाल्याने खालून हॉर्न दिला. उपासनी खाली गेले, आपण येत नसल्याचं सांगितलं आणि वर आले.

...

धुण्याचं काम चार दिवस चाललं.

उन्हाचे पाचच तास हाताशी असत, दहा ते तीन. झरा ऐंशी पायऱ्या खाली होता. उपासनी दोन बादल्या भरून वर आणत, टाकीत ओतत, पंप लावत आणि नळातून येणारं सगळं पुन्हा कॅनमध्ये धरत; दोन पुरेनात, तेव्हा गावातून रिकामे मागून आणले. रात्री आतलं पाणी गोठू नये म्हणून गाडीत शेगडी मंद चालू ठेवत. ते जमिनीवर सांडून चालणार नव्हतं. खाली झरा, झऱ्याखाली याकांची वाट. भरलेल्या प्रत्येक कॅनवर त्यांनी लाल रंगाने कवटी काढली आणि ते खाली न्यायला वेगळे ठेवले.

पहिल्या दिवशी पाणी पोपटी येत होतं. दुसऱ्या दिवशी पिवळसर. तिसऱ्या दिवशी रंग गेला, पण बोटांना बुळबुळीत लागायचं. दुपारी त्यांना पायऱ्यांवर दम लागून बसावं लागलं, तेव्हा छेरिंग आला आणि बादल्या उचलून वर गेला. त्यानंतर दोघंही आणू लागले. उपासनींनी त्याला बादली कशी धरावी हे सांगितलं नाही.

गावात एकच फोन लागायचा. उपासनींनी बायकोला, सुनंदाबाईंना, उशीर होईल म्हणून कळवलं. का, असं त्यांनी विचारलं. उपासनींनी आधी गाडीत बिघाड झाल्याचं सांगितलं. मग थांबले, आणि जे झालं होतं ते सगळं सांगितलं.

‘नीट धुवा,’ सुनंदाबाई म्हणाल्या. ‘घाई करू नका.’

चौथ्या दिवशी पाणी पांढऱ्या कपात धरलं तर स्वच्छ दिसलं. वास नाही, बुळबुळ नाही, हलवलं तर फेस नाही. उपासनींनी कप बराच वेळ उन्हात धरून ठेवला. मग तोंडाला लावला. प्यायले. झऱ्याचं पाणी झऱ्यासारखंच लागलं.

छेरिंग समोर उभा होता. त्याने कपासाठी हात पुढे केला. उपासनींनी दिला नाही. आधी मला उद्यापर्यंत बघ, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते ठणठणीत होते. मग त्यांनी राहिलेलं काम रीतीने केलं. टाकी रिकामी केली. गीझरचं बूच काढलं. पंप सोडवून उलटा धरला, त्यातून दोन चमचे पाणी गळलं. टायरमध्ये हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर नळीला जोडून एकेक वाट फुंकून काढली, आतून कोरडी हवा येईपर्यंत. बोटांची टोकं निळी पडली. सगळे नळ उघडे ठेवले. बेसिनवर हिंदीत चिठ्ठी लावली की आत पाणी नाही, हिवाळ्यात भरू नये. छेरिंगने तेच खाली आपल्या लिपीत लिहिलं.

...

बर्फ पडलं होतं. पुढची जीप केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नव्हतं.

उपासनी मेमेंच्या खोलीत गेले. मेमे चुलीजवळ बसले होते. मनगटावरचा वळ आता काळसर दिसत होता. उपासनींनी तो पाहिला आणि खाली बघितलं.

चुलीत शेणी जळत होत्या.

मग उपासनी बोलू लागले. या पाच दिवसांत त्यांनी बराच विचार केला होता. तीन वर्षं मी शिकवा शिकवा म्हणत होतो, ते म्हणाले, आणि माझ्या डोक्यात काय भरलंय हे मला दिसत नव्हतं. तुम्हाला मात्र ते पहिल्या दिवसापासून दिसलं होतं. मी नळाची बढाई मारली, तेव्हाच तुम्ही ओळखलंत. मला सांगून कळलं नसतं. म्हणून तुम्ही ती वाटी भरलीत, स्वतःचा जीव पणाला लावलात. असा गुरू मला कुठे मिळाला असता?

त्यांनी मेमेंच्या पायांवर डोकं ठेवलं.

मेमे गोंधळलेले दिसले.

‘काय ओळखलं?’

‘नळात विष आहे, हे तुम्हाला माहीत होतं ना, मेमे?’

मेमेंनी मोतीबिंदूचे डोळे त्यांच्या दिशेला वळवले...

‘नाही, इंजिनीअर,’ ते म्हणाले. ‘मला तहान लागली होती.’