बयोताईची उलटी अंगाई

कोंबड्याच्या आधी भोंगा ओरडायला लागला, त्या काळातली ही गोष्ट. तांबरवाडीच्या शिवारात कापडाची गिरणी आली, ज्वारीच्या जागी चाळी उगवल्या, आणि कोंबडे जे रुसले ते आरवेनातच, असं म्हणतात.

बाया गिरणीत जायला लागल्या. मग तान्ही पोरं बघायची कुणी? तर नखाच्या टोकावर अफू घ्यायची आणि बाळाच्या जिभेला लावायची. बाळ दिवसभर गप. सगळ्याच लावायच्या, कबूल एकही व्हायची नाही. उलट नळावर मिरवायच्या. तुळसाचा तोरा तर विचारूच नका. "माझं बाई गुणाचं! रडतात कसं तेच ठाऊक नाही त्याला."

अशात शहरातून बयोताई आली. विधवा बाई, डोळ्याला चष्मा, पायात चपला. गिरणीच्या फाटकापाशी तिनं छप्पर घातलं, लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या. म्हणाली, "पोरं माझ्याकडं ठेवा. फक्त आधी नखं दाखवा."

नखं! बायांना मिरच्याच झोंबल्या. तुळसा पदर खोचून पुढं झाली. "स्वतःला पोर ना बाळ, आणि आली आम्हाला शिकवायला!" शेणाचा गोळा उचलला नि हाणला थेट चष्म्यावर. बाया फिदीफिदी हसल्या. बयोताईनं चष्मा पुसला. "शेणाचं काय गं, धुतलं की जातं," एवढंच म्हणाली.

एका सांजेला तुळसा कामावरून आली तर बाळ उठेना. ओठ निळे, मान लुळी. तशीच उचलून पळत सुटली. कुठं? जिथं शेण मारलं होतं, तिथंच.

बयोताईनं हात पुढं केले. बाळ खांद्यावर घेतलं, तोंडावर गार पाणी मारलं, आणि अंगाई धरली. झोपवायची नव्हे हो, उठवायची!

"ऊठ रे सोन्या, नीज मोड,
भूक लागली, आईला ओरड!"

ते गाणं चाळीचाळीत शिरलं. गुंगलेली सगळी पोरं एकदम जागी झाली आणि असा टाहो फोडला, की रातपाळीचा भोंगा घशातच अडकला, असं म्हणतात. गुणाची पोरं हो ती! आया पोरं काखेत मारून धावत आल्या. सगळ्यात शेवटी तुळसाचं बाळ शिंकलं, आणि रडलं.

"घे," बयोताई म्हणाली.

तुळसा हात पुढं करेना. मुठी पदराखाली घट्ट.

"अगं घे की. हाताशिवाय कसं घेशील?"

सगळ्यांदेखत तुळसानं हात पसरले. नख काळंकुट्ट. मान काही वर झाली नाही. मग मागं एकेक मूठ उघडत गेली. हसणारी त्यात एकही नव्हती.

गिरणी कधीच बंद पडली, धुराड्यावर आता घारी बसतात. पण तांबरवाडीत बारशाला आत्या आधी दहाही नखं उजेडात धरते, आणि मगच बाळाच्या कानात कुर्र करते. बाळ रडलं तर कुणी गप्प करत नाही. "बयोताई बोलली," असंच सगळे म्हणतात.

तुळसाच्या घरातल्या बाया तेवढ्या नखं दाखवताना खाली बघतात. अजून.