आबासाहेबांच्या मुठी

“माझ्या हातात आबासाहेबांच्याच मुठी राहिल्या पाहिजेत आणि बुडाखाली आबासाहेबांचेच शॉकअप,” सोनखिंडीच्या मानसिंगराव सरकारांनी बजावलं. “आणि तरी गाडी लोण्यासारखी चालली पाहिजे. आठ दिवसांत.”

मालन लोहारनं वाड्यासमोर उभ्या मोटरसायकलभोवती एक फेरी मारली. लांबच्या प्रवासाची दणकट गाडी, पण सरकारांच्या वडिलांच्या, म्हणजे आबासाहेबांच्या काळातली. आबासाहेब हिच्यावर बसून कन्याकुमारीला जाऊन आले, ही हकीकत सोनखिंडीत सरकारांसमोर सगळे मान डोलावत ऐकायचे. संस्थान केव्हाच विलीन झालं होतं. सरकारांचा हट्ट तेवढा विलीन व्हायचा राहिला होता.

हँडलच्या रबरी मुठी वाळून दगड झाल्या होत्या. मागचे दोन्ही शॉकअप एकदा खाली बसले होते ते पुन्हा उठलेच नव्हते. दहा किलोमीटरनंतर सरकारांच्या बोटांना मुंग्या यायच्या आणि विसाव्या किलोमीटरला दोन माणसं लावून त्यांना उतरवावं लागायचं. पुढच्या आठवड्यात घाटमाथ्यावर जुन्या गाड्यांचा मेळा होता आणि तिथं आपल्या पायांनी उतरायचं, हा सरकारांचा निश्चय होता. अट ऐकून आधीचे तीन मेस्त्री जे गेले ते हत्यारं न्यायलाही परतले नव्हते.

“आणि नाही जमलं तर?” मालननं विचारलं.

“तुझं गॅरेज ज्या जागेवर आहे, ती जागा आमची आहे,” सरकार म्हणाले.

 गॅरेजच्या त्या पत्र्याच्या शेडमध्येच मालन बापाच्या हाताखाली शिकली होती आणि बाप गेल्यावर तिनं ती एकटीनं चालवली होती. पण चेहरा तिनं तसाच ठेवला.

“जी. एक विचारू? सरकारांचं वजन किती?”

कारभारी गुंडोपंतांना ठसका लागला. “मालन, हे काय विचारणं झालं?”

“नवी स्प्रिंग वजन बघून निवडायची असते, पंत. तिला वजन कळतं, हुद्दा कळत नाही.”

“ऐंशी,” सरकार तुटकपणे म्हणाले.

मालननं चेपलेल्या शॉकअपकडे पाहिलं, मग सरकारांकडे पाहिलं. “आणि बाकीचं?”

“चौदा,” सरकार आभाळाकडे बघत म्हणाले.

गाडी शेडमध्ये आली. पहिले दोन दिवस मालन नुसती तिच्यासमोर बसून राहिली. जुनं ठेवावं तर गाडी मऊ होत नव्हती, काढावं तर शेड जात होती. तिसऱ्या दिवशी तिनं सरकारांचं वाक्य मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणून पाहिलं, शब्दन् शब्द. मग उठली आणि पदर खोचला.

मुठी कापून काढणं सोपं होतं, पण तिनं तसं केलं नाही. सायकलच्या चाकाचा एक आरा रबराखाली सरकवला, साबणाचं पाणी सोडलं आणि अर्धा दिवस खपून दोन्ही मुठी अखंड उतरवल्या. त्यांच्या जागी जाड, मऊ मुठी चढवल्या. पुढच्या चाकाच्या नळ्यांतल्या स्प्रिंगा आणि ऑइल बदललं, मागे चौऱ्याण्णव किलोंना पुरतील असे नवे शॉकअप बसवले. सातव्या दिवशी तिनं गुंडोपंतांना गाठलं.

“पंत, दिवाणखान्यातली सरकारांची खुर्ची एक दिवस द्या.”

“खुर्ची? तुझ्याकडे काम गाडीचं आहे.”

“गाडीचंच करतेय.”

आठव्या दिवशी सरकार भल्या पहाटे, अंधारातच हातमोजे चढवून निघाले आणि घाटात चक्कर मारून आले. वाड्यासमोर गाडी उभी केली आणि कुणाचाही हात न धरता उतरले. हातमोजे काढून बोटांची उघडझाप करून पाहिली. चेहऱ्यावर हसू येतंय न येतंय, तोच त्यांची नजर हँडलवर गेली.

“ह्या मुठी कुणाच्या?” आवाज चढला. “आणि मागचे हे शॉकअप? मालन, आबासाहेब कुठायत?”

“आत, सरकार. आपली वाट बघतायत.”

दिवाणखान्यात खुर्ची जागेवर होती. तिच्या हातांच्या टोकांना आबासाहेबांच्या मुठी बसवल्या होत्या. बैठकीखाली आबासाहेबांचे दोन्ही शॉकअप उभे होते, तेल लावून चकचकीत केलेले.

“सरकार म्हणाले, मुठी हातात पाहिजेत आणि शॉकअप बुडाखाली,” मालन म्हणाली. “तिथंच आहेत. गाडीवरच पाहिजेत, असं सरकार म्हणाले नव्हते.”

“शब्दांत पकडतेस मला?”

“सरकार गाडीवर वर्षातून बसतात चार दिवस. खुर्चीवर सकाळ-संध्याकाळ. आबासाहेब जवळ कुठं राहिले, ते सरकारांनीच ठरवावं.”

सरकार रागारागानं खुर्चीत बसले. हात आपोआप मुठींवर गेले. आबासाहेबांच्या बोटांनी रबरावर पाडलेल्या खाचांत त्यांची बोटं नेमकी बसली. त्यांनी अंगठा रबरावरून हळूच फिरवला. गुंडोपंत छताकडे पाहू लागले. मालनला क्षणभर वाटलं, आपण उगाच आलो इथं.

मग सरकार जरा हलले आणि खालून असा दणका बसला की त्यांची पगडी डोळ्यांवर आली.

“आई गं,” सरकार कंबर धरत म्हणाले. “ह्यांच्यावर बसून आबासाहेब कन्याकुमारीला गेले?”

“गेले की,” मालन म्हणाली. “येताना मात्र रेल्वेनं आले. गाडी स्टेशनावरून माझ्या आजोबांनी बैलगाडीत घालून आणली होती.”

गुंडोपंतांनी डोळे मिटून घेतले. सरकारांनी पगडी वर सारली आणि मालनकडे रोखून पाहिलं. मग त्यांचं पोट हललं, खांदे हलले आणि ते खदखदून हसू लागले. शॉकअप खाली कुरकुरत होते आणि सरकार “आई गं, आई गं” करत हसतच होते.

“पंत,” डोळे पुसत ते म्हणाले, “शेडच्या जागेचा कागद करा. मालनच्या नावानं, आजच्या आज. आणि मालन, ते रेल्वेचं गावात कुठं बोलायचं नाही.”

“नाही, सरकार,” मालन म्हणाली. “गावाला माहीतच आहे.”

सरकार पुन्हा हसत सुटले, आणि ह्या खेपेला गुंडोपंतांनाही आवरेना.