पेवावरचा पंजा

फार फार मागची गोष्ट. बादशाही तेव्हा उतरणीला लागली होती. दवंडीवाल्याला नव्या बादशहाचं नाव पाठ होईपर्यंत तख्तावर तिसराच कुणी बसलेला असे. करंजदरीचा सुभेदार नेकनामखान मात्र जागचा हलला नव्हता, असं म्हणतात.

करंजदरीला जमिनीखाली एक मोठं पेव होतं. त्यात फौजेची ज्वारी साठवत. तोंडावर शिळा ठेवायची, वर माती लिंपायची आणि ओल्या मातीत सुभेदारानं पंजा उमटवायचा, हीच सरकारी मोहोर. ती मोडणाऱ्याचा हात तोडत.

एका साली पाऊस रुसला. विहिरी आटल्या, चुली थंडावल्या. पेवावरची मातीही उन्हानं तडकली, म्हणून गोजाई म्हातारी ती नव्यानं लिंपायला आली. लिंपून झाल्यावर ती बाजूला सरली.

"दाबा पंजा, खानसाहेब," ती म्हणाली. "खाली दाणा हाय, वर आमी हाओत. मधी तुमचा हात तेवढा आडवा हाय."

खानानं हात पुढे केला खरा, पण तो मातीला टेकेना. हात जाईल याची त्याला भीती वाटली, का वाटू नये? याच हातानं तो जेवायचा, याच हातानं लेकीचे केस कुरवाळायचा. तरी त्याच हातानं त्यानं माती उकरली.

"काढा शिळा," तो म्हणाला.

गाव पोटभर जेवलं. कितीही उपसलं तरी पेवाला तळ लागेना, असं म्हणतात.

मग फौज आली. सरदार गरजला, "मोहोर कुणी मोडली?"

खानानं उजवा हात पुढे धरला. "हा घ्या. पण आधी जेवून घ्या. तुमची माणसंही उपाशी दिसतात."

त्या फौजेला कित्येक दिवसांत कुणी जेवा म्हटलं नव्हतं. शिपाई पंगतीला बसले, सरदारही बसला. गोजाईनं भाकरी वाढली. जेवून तो उठला, तलवारीला हात घातला, तर ती म्यानातून निघेचना, असं म्हणतात. काहीजण म्हणतात, गंजली होती. असेल बापडी! त्या बादशाहीत न गंजलेलं उरलं होतं तरी काय? सरदार मान खाली घालून निघून गेला.

बादशाही गेली, तख्तही गेलं. करंजदरीचं पेव अजून आहे. सुगी झाली की घराघरातून त्यात ज्वारी पडते. तोंड लिंपलं की सारं गाव, तान्ह्या पोरांसकट, कडेकडेनं पंजे उमटवतं. मधली जागा खानसाहेबांसाठी कोरी ठेवतात. उन्हं चढायच्या आत तिथंही एक पंजा उमटतो, असं म्हणतात.

आणि ज्याच्या घरची चूल थंडावेल, त्यानं तो पंजा खुशाल मोडायचा. करंजदरीत त्यासाठी कुणाचा हात जात नाही.