सलाइनवरची बाग

“…मग ती बागेत पाऊल का टाकत नाही, बाबा?”

एवढं विचारून खांबेटे मठाच्या भिंतीला, माझ्या शेजारी टेकले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. एरवी दुसऱ्याला बोलू द्यायचे नाहीत. आज चेहरा उतरला होता.

बाबाही दमलेले होते. मठात येणाऱ्या प्रत्येकाला उत्तर हवं असतं, आणि तेही परतीची गाडी सुटायच्या आत. त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, “कोण?”

“कुमुद. माझी बायको. पावसाळाभर दवाखान्यात होती. तिथं सारखं एकच, माझा मोगरा, माझी जाई. आता घरी आणलंय, तर बागेकडची खिडकीसुद्धा उघडू देत नाही. डॉक्टर म्हणतात, हिंडल्या-फिरल्या नाहीत तर पुन्हा अंथरूण धरतील.”

“बाग सुकली?”

“छे.” खांबेटे सावरून बसले. “ठिबकवाले तोंडाला येईल तो भाव सांगत होते. म्हटलं, आपण जन्मभर पाणीच वळवलं ना? माळ्याला रजा दिली आणि सगळं हातानं केलं. खर्च जवळपास काहीच नाही. एक पान वाळलेलं दाखवा.”



खांबेट्यांनी पिशवीतून नमुना काढला. सलाइनची रिकामी बाटली आणि तिची नळी. ओळखीच्या कंपाउंडरनं दिलेली, स्वच्छ धुतलेली.

“अशी एकेक, प्रत्येक कुंडीवर टांगलीय. दारापासून कुंपणापर्यंत. तुमच्या तुळशीलाही लावून देतो.”

“लाव.”

त्यांनी वृंदावनाशेजारी काठी रोवली, पाणी भरून बाटली उलटी टांगली, नळीवरचं चाक अंगठ्यानं हलकेच फिरवलं. थेंब पडू लागले. हातात काम आल्यावर त्यांना जरा बरं वाटलं असावं.

“बघा. पाहिजे तेवढंच पाणी. वाया काही जात नाही.”

बाबा गुडघ्यावर हात टेकत उठले. अंगणात आले. आणि तुळशीशेजारी, गार फरशीवर, सरळ आडवे झाले.

कफनीची बाही वर सारून त्यांनी हात नळीखाली धरला.

थेंब मनगटावर पडत राहिले…

“बाबा, हे काय?”

बाबांची नजर वर, टांगलेल्या बाटलीवर.

खांबेट्यांनीही वर पाहिलं. मग त्या हाताकडे पाहिलं. पुन्हा वर…

ते बाबांशेजारी खाली बसले. मला त्या माणसाची फार दया आली.

“उठा, बाबा,” शेवटी ते हळूच म्हणाले. “आत चला.”

“कसा उठू?” बाबा म्हणाले. “डॉक्टरांनी अजून सोडलंय कुठं मला?”