पांढऱ्या शेपटांचा थवा

ही गोष्ट सांगणाऱ्याइतका पक्ष्यांचा जाणकार पंचक्रोशीत शोधून सापडायचा नाही. कबूतर आणि पारवा यांतला फरक विचारलात, तर मात्र त्याला लगेच खोकला येतो. मास्तरांना विचारलात तर त्यांनाही येतो. तेव्हा मुलांनो, फरक राहू द्या, गोष्ट ऐका.

भर समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर कबुतरांचा एक थवा राहत असे. आपल्या खिडकीत घाण करून ठेवणारी राखी कबुतरे नव्हेत ती. अंग हिरवेगार, आणि उन्हात वळले की चिंचेने घासलेल्या तांब्यासारखे लखलखणारे. मानेभोवती लांब पिसांची झालर. शेपूट दुधासारखे पांढरे. पण हे पांढरे शेपूट कोणी जन्मतः घेऊन येत नसे. पिलांचे शेपूट काळे असे, आणि ते पांढरे व्हायला पुष्कळ वर्षे लागत. रोज पहाटे थवा समोरच्या मोठ्या बेटावर रानफळे गिळायला जाई आणि सांजेला झोपायला परत येई. वाटेत धुके फार. म्हणून पांढऱ्या शेपटांनी पुढे उडायचे आणि काळ्यांनी त्या शेपटांवर नजर ठेवून मागोमाग यायचे, असा रिवाज होता. ज्याचे शेपूट पांढरे होई त्याचा सत्कार होत असे. त्याला एक टपोरे जायफळ मिळे, मोठ्या झाडाच्या बुंध्यालगतची रुंद फांदी घरट्यासाठी मिळे, आणि थव्याचे मुख्य, ज्यांना सगळे थोरले म्हणत, त्यांचे भाषण ऐकायला मिळे. जायफळ पचत असे, भाषण पचत नसे.

एकदा एक फुटकी होडी लाटांबरोबर या बेटाला लागली आणि तिच्यातून चार उंदीर उतरले. बेटावर आजवर कोणी कोणाला खाल्ले नव्हते, त्यामुळे भ्यायचे कसे हे कबुतरांना कोणी शिकवलेच नव्हते. त्यांनी उंदरांना पाहुणे मानले आणि सत्काराला पहिल्या रांगेत बसवले. त्या वर्षापासून घरट्यांतली अंडी नाहीशी होऊ लागली. तिथली कबुतरी वर्षाला एकच अंडे घाली, तेही दहा-बारा काड्यांच्या घरट्यात. घरटे असे की वरून पाहिले तर खालची जमीन दिसावी. अंडे गेले की थोरले म्हणत, वाऱ्याने पडले असेल. मंडळी माना डोलवत. माना डोलवण्यात कबुतरांचा हात कोणी धरणार नाही.

आता गंमत बघा. नवी पिले येईनात, आणि होती ती काळी शेपटे एकेक करून पांढरी होत चालली. थव्याला वाटले, ही भरभराट. सत्कारांमागून सत्कार होऊ लागले. "आमच्या आजोबांच्या काळी निम्मा थवा काळा होता," थोरले छाती फुगवून म्हणत. "आज बघा, जिकडे तिकडे मानाची मंडळी." पहिल्या रांगेतले उंदीर सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत. पोट भरलेले असले की टाळी चांगली वाजते.

थव्यात सर्वांत लहान एक कबुतरी होती. तिला सगळे धाकटी म्हणत. रिवाजाप्रमाणे ती नेहमी सर्वांच्या मागे उडे. होता होता तिचेही शेपूट पांढरे झाले, जायफळ मिळाले, भाषण झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे समुद्रावरून जाताना तिने नव्या मानकरणीच्या ऐटीत मागे वळून पाहिले, कारण मागच्यांवर लक्ष ठेवणे हे आता तिचे काम होते. मागे नुसते पाणी होते. धाकटीला मोजता येत नव्हते. पण काहीच नाही, हे कळायला शाळा लागत नाही.

त्या दिवशी तिच्या चोचीला काही गोड लागेना. भर दुपारी ती एकटीच परतली आणि मानाच्या फांदीवर आपल्या मोठ्या बहिणीचे घरटे होते, त्याच्याजवळ पानांआड लपून बसली. थोड्या वेळाने एक उंदीर त्या रुंद फांदीवरून, जिना चढावा तसा आरामात वर आला आणि अंडे पुढच्या पायांनी लोटत घेऊन गेला. सांजेला धाकटीने सगळ्यांसमोर हे सांगितले. थोरले रागावले. कालपरवा पांढरी झालेली पोर पाहुण्यांना चोर म्हणते, हे त्यांना रुचले नाही. "लहान आहे, चालायचंच," उंदीर मिशा पुसत म्हणाला, आणि सगळ्यांना तो फारच समजूतदार वाटला.

धाकटीने वाद घातला नाही. आपल्या मागे कोणीतरी उडालेच पाहिजे, एवढे तिने मनाशी पक्के केले. नवऱ्याला घेऊन तिने मानाची फांदी सोडली. बेटापासून थोडा दूर, लाटांत उभा असलेला एक उंच सुळका होता आणि त्याच्या टोकावर केवड्याचे एक वाकडे झाड होते. तिथे उंदराला पोहत जाणे शक्य नव्हते. पहिल्या वर्षी तिचे अंडे खरोखरच वाऱ्याने पडले. थोरल्यांनी ही गोष्ट तिला चार वेळा ऐकवली. दुसऱ्या वर्षी तिने दहाच्या जागी साठ काड्या नेल्या. हे घरटे आहे की होडी, असे मंडळींनी विचारले. तिचा नवरा बिचारा थट्टेला कंटाळला होता, पण दिवसभर अंडे उबवायची पाळी त्याची, म्हणून बसला. रात्री ती बसे. तेही अंडे पावसात गारठून गेले. तिसऱ्या वर्षी तिने केवड्याची काटेरी पाने ओढून छप्पर केले. चोच रक्ताळली, तिने समुद्रात बुडवून धुतली आणि पुन्हा कामाला लागली.

त्या वर्षी पिलू निघाले. महिन्या-दीड महिन्याने एका पहाटे ते आईबापांमागून पहिल्यांदा समुद्रावर उडाले, आणि त्याचे शेपूट कोळशासारखे काळे होते.

तोवर इकडे म्हातारपणाने थवा झडत झडत नऊ शेपटांवर आला होता, सगळी पांढरी. थोरले आता डुलत उडत. पिलाला पाहून त्यांचे डोळे भरून आले. झाडावर टेकताच त्यांनी सत्काराची तयारी करायला सांगितली, यावेळी धाकटीच्या. "पोरी, तू जिंकलीस," ते म्हणाले. "काळं शेपूट आलं, थवा वाचला."

धाकटीने पिलाच्या पाठीवरचे पीस चोचीने सारखे केले.

"वाचला तर सांगा, आजोबा. उद्या हा मोठा झाला, की याच्यासाठी नवरी कोणाच्या घरट्यातून आणू?"

तात्पर्य : घरातले सगळेच मानकरी झाले की टाळ्या थांबवून पाळणा हलतो आहे ना, ते बघावे, आणि वेळेत बघावे; कारण एकट्याच्या जिद्दीने पिलू वाचते, थवा वाचत नाही.